नमुना क्रमांक सत्तेचाळीस

नोव्हेंबरात सकाळी आठलाही ग्लासगो शाईतच असतं.
प्रयोगशाळेचं दार मी कोपराने ढकलते,
किल्ली फिरवायचं काम मोरागकडे.
दोन हिवाळे झाले, ती विचारत नाही,
मी सांगत नाही.

माझं काम कापायचं.
मेणात बसवलेलं सांध्याचं अस्तर,
त्याचा पाच मायक्रॉनचा पापुद्रा
कोमट पाण्यावर तरंगवायचा, ब्रशने उचलायचा,
काचेवर सुरकुती न पाडता निजवायचा.
बावीस वर्षं.
साडीची घडी इतकी नीट कधी घातली नाही.

नावं आमच्यापर्यंत येत नाहीत, आकडे येतात.
सत्तेचाळीस कोण, ते मात्र मला ठाऊक आहे.
मंगळवारी, तिसऱ्या मजल्यावर, माझ्याच डाव्या गुडघ्यातून
डॉक्टर गिलफिलननी बारीक चिमट्याने तो काढला
आणि म्हणाले, आज हवा वाईट आहे.
मी म्हटलं, हो, आतसुद्धा.

नियम असा, की आपला नमुना आपण बघू नये.
मोराग सूप आणायला गेली
तेव्हा मी नियम मोडला.

निरोगी सांध्यात हे अस्तर एक-दोन पेशींचं,
ओलं, गप्प, स्वतःची आठवणही न करून देणारं.
माझं आठ-दहा थर.
झालरी फुटलेल्या.
रक्तवाहिनीच्या कडेने टी पेशींचा घोळका,
कुणी गेलंय आणि अजून उचललं नाही
अशा घरापुढे उभा असतो तसा.
त्यांच्यामागे बी पेशी,
त्यांच्याही मागे पोटुशा प्लाझ्मा पेशी,
प्रतिपिंडं विणत बसलेल्या.
कुणासाठी?
प्रथिनांच्या माळेत एक मणी बदलला होता,
आर्जिनिनच्या जागी सिट्रुलिन.
एवढंच.
आणि सिट्रुलिन हे नाव कलिंगडावरून पडलंय!
मला जॅमची बाटली उघडत नाही,
अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली,
ती एका कलिंगडापायी.

पुढे मॅक्रोफेज. मोठ्या, फेसाळ,
एकमेकींना निरोप धाडणाऱ्या: आग, आग, आणखी माणसं पाठवा.
त्या निरोपाला आम्ही टीएनएफ म्हणतो.
तो ऐकून अस्तराच्या आपल्या, घरच्या पेशीही उठतात
आणि कूर्चेत शिरतात, चौकटीत वाळवी शिरावी तशा.

अशा वेळी म्हणायची मराठीत सोय आहे:
कुंपणच शेत खातं.
मीही म्हणणार होते.
मग भिंग चाळीसवर नेलं,
आणि त्यांच्यात मला भूक दिसेना.
त्या खायला आल्याच नव्हत्या,
कामावर आल्या होत्या.
कधीतरी कुणीतरी त्यांना चुकीचा फोटो दाखवून म्हटलं होतं, हाच तो चोर,
आणि तेव्हापासून त्या इमानाने शोधतायत,
पहाटे चारला, रविवारी, सणावारी,
माझ्या एकेका पेरात कंदील घेऊन.
बावीस वर्षांत नऊ रजा घेतलेल्या बाईला
हे कळणार नाही तर कुणाला?

राग मात्र यायला हवा होता. शोधला. थोडा सापडला.

दुसरी काच हिरव्या प्रकाशाखाली ठेवली.
काठाला, अगदी काठाला,
वेगळ्या जातीच्या काही मॅक्रोफेज:
सांडलेलं उचलणाऱ्या, बाकीच्यांना पुरे म्हणणाऱ्या.
मोजल्या. अकरा.
डोळे पुसून पुन्हा मोजल्या.
अकराच.

मोराग कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही.
सत्तेचाळीस कसा आहे, तिने विचारलं.
दाट आहे, मी म्हटलं. पण अकरा जणी शहाण्या आहेत.
पेन माझ्या दोन बोटांत ठरत नव्हतं.
तिने ते घेतलं, नोंदवहीत अकरा लिहिलं,
कुणाचे ते विचारलं नाही.
मग माझ्या डब्याचं झाकण उघडून
डबा माझ्यापुढे सरकवला.